फक्त जागा धरायला

"बाबा, माझा हात सोडू नका," मुलगी म्हणाली.

मिस्त्री तेव्हा जहाजाच्या लिफ्टमध्ये उभे होते. लिफ्टमध्ये! चाळीस वर्षं ज्यांनी लिफ्ट बसवल्या, उघडल्या, दुरुस्त केल्या, अडकलेली माणसं दोन मजल्यांच्या मधून ओढून काढली, त्यांना आता एक मजला वर जायला मुलीचा हात लागत होता. त्यांनी हात धरला. बायको जाऊन चौदा महिने झाले होते, आणि तेव्हापासून ते सांगितलेलं सगळं निमूटपणे करत होते.

सांगितलेलं पुष्कळ होतं. चहात साखर नको. स्टुलावर चढायचं नाही. आंघोळीला गेल्यावर कडी लावायची नाही. डॉक्टरांनी तपासून "हृदय घोड्यासारखं आहे" असं सांगितलं होतं. म्हणजे डॉक्टरांकडे मिस्त्री पास झाले होते. मुलीकडे निकाल राखून ठेवला होता.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे घर. सहलीहून परतल्यावर मिस्त्रींनी कायमचं मुलीकडे यायचं आणि त्यांचं दोन खोल्यांचं घर भाड्याने द्यायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. दलालाने भाडेकरूही शोधला होता. उद्या सकाळी बंदर आलं, फोन लागायला लागला, की होकार कळवायचा. मिस्त्रींना त्या घरातून हलायचं नव्हतं. पण हे बोलायचं कसं ते त्यांना जमत नव्हतं. आजवर घरातलं बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. मिस्त्रींकडे फक्त मान हलवण्याचं.

लिफ्ट उघडली. जहाजाच्या सगळ्यात वरच्या डेकवर, धुराड्याला वळसा घालून, रोलरकोस्टरचे रूळ गेले होते. दोन ठिकाणी तर ते जहाजाच्या कडेच्याही बाहेर, थेट समुद्रावर गेले होते. मोटरसायकलसारखी गाडी, एकामागे एक दोन माणसं, पुढच्याच्या हातात हँडल, एकूण दोन फेऱ्या.

"समुद्रावर बोट, बोटीवर रूळ, रुळावर आपण," जावई म्हणाला. "एकावर एक तीन धोके." तो विमा कंपनीत होता. कशात काय बिघडू शकतं याची यादी करायचा त्याला पगार मिळत असे, आणि सुट्टीतही तो कामात खंड पडू देत नसे.

"तीन दिवस मागे लागून नंबर मिळवलाय," मुलगी म्हणाली. "गाडी मी चालवणार. तू मागे बसायचंस आणि डोळे मिटायचेस. बाबा, तुम्ही इथे सावलीत थांबा. ही माझी पर्स, हे फोन."

मिस्त्री पर्स खांद्याला अडकवून रांगेशेजारच्या सावलीत उभे राहिले. रांगेत कर्ण्यावरून कोणीतरी सूचना देत होतं. लोक ऐकत होते. मिस्त्री मात्र खाली वाकून रुळाचे नट बघत होते.

"नट नवीन आहेत," त्यांनी जावयाला सांगितलं. "ग्रीस जरा सढळ हाताने मारलंय. पण काम चांगलंय."

"ग्रीस जास्त झालं तर काय होतं?" जावयाने लगेच विचारलं.

"कपड्यांना लागतं."

नंबर आला. गाड्या सोडणाऱ्या बाई मुलीच्या पायांकडे बघत म्हणाल्या, "मॅडम, सँडल चालणार नाहीत. बंद बूट लागतात."

"आत्ता सांगताय?"

"तीन वेळा सांगितलं कर्ण्यावरून."

"मी केबिनमधून आणते. पाच मिनिटं!"

"तीन मिनिटं. गाडी रिकामी राहिली तर नंबर पुढच्याला."

मुलीने इकडे तिकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही बसा बरं तिथे पुढे, जागा धरून. कोणी आलं तर उठायचं नाही. मी आलेच!" आणि ती पळत सुटली.

जागा धरण्यात मिस्त्रींचा हात कोणी धरू शकलं नसतं. दवाखाना असो, कार्यालय असो, इतर बायका जागेवर रुमाल टाकून जात, त्यांची बायको मिस्त्रींनाच टाकून जायची. त्यांनी पर्स आणि फोन बाईंच्या हवाली केले आणि ते पुढच्या सीटवर ऐसपैस बसले. मागे जावई बसला आणि त्याने सांगितल्याप्रमाणे डोळे मिटले.

बाईंनी पाहिलं. दोन माणसं, चार पाय, चारही बंद बुटात. त्यांनी सुरक्षेचा दांडा खाली ओढला. खटकन आवाज झाला.

"अहो, मी फक्त जागा धरून बसलोय," मिस्त्री म्हणाले.

"आजोबा, इथे बसल्यावर सगळे काहीतरी सांगतातच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गाडी सोडली.

मिस्त्री घाबरले नाहीत. चुकून चालू झालेलं यंत्र त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. अशा वेळी काय करायचं हे त्यांनी हाताखालच्या कित्येकांना शिकवलं होतं: आधी लाल बटण दाबा, मग विचार करा. हँडलवर उजव्या अंगठ्यापाशी चांगलं मोठं लाल बटण होतं. लाल म्हणजे थांब. त्यांनी दाबलं.

ही गाडी ज्याने बनवली तो माणूस लिफ्टच्या धंद्यातला नव्हता. त्या बटणाने गाडी आणखी जोरात पळायची. कर्ण्यावरून तेही तीन वेळा सांगितलं होतं.

गाडी उधळली.

"बाबा! हळू!" जावयाचे डोळे उघडले.

"थांबवतोय!"

"थांबत नाहीये!"

"कॉन्टॅक्ट खराब असेल. अशा वेळी बटण दाबून धरायचं असतं," मिस्त्री ओरडून म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही अंगठे लावून ते दाबून धरलं.

धुराडं उजवीकडून आलं आणि डावीकडे गेलं. पोहण्याचा तलाव डोक्याच्या वर कुठेतरी दिसला. मागून जावई कसली तरी यादी करत होता. वाऱ्यामुळे फक्त "मणका" आणि "वारसदार" एवढंच ऐकू येत होतं. पहिली फेरी संपत आली तसा रुळाशेजारचा मोठा फलक सर्रकन गेला. जावयाने आयुष्यात इतक्या वेगात काही वाचलं नव्हतं.

"बाबा! लाल म्हणजे जोरात! लाल सोडा!"

मिस्त्रींनी अंगठे उचलले.

गाडी मंदावली. एका उंचवट्यावर चढून ती जहाजाच्या कडेबाहेर आली आणि संथपणे पुढे सरकू लागली. खाली जहाज नव्हतं. काहीच नव्हतं, नुसतं पाणी, आणि त्यावर ऊन. मिस्त्री आयुष्यभर वरखाली करत आले होते, पण ते लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यात, हातात बॅटरी धरून. एवढं उघड्यावर, एवढ्या उजेडात ते कधी गेले नव्हते. त्यांच्या पोटातून काहीतरी वर येऊ लागलं. त्यांना वाटलं उलटी होतेय. ते हसू होतं. बऱ्याच दिवसांनी आल्यामुळे चटकन ओळखू आलं नाही.

"संपलं ना?" जावयाने बारीक आवाजात विचारलं.

"एक फेरी आहे अजून."

"बाबा, लाल बटणाला हात लावू नका."

"जावईबापू," मिस्त्री म्हणाले, "मघाशी चुकून दाबलं होतं."

आणि त्यांनी या वेळी समजून उमजून दाबलं. गाडी उतारावरून सुटली. वळणावर दोघं आडवे झाले, आणि मिस्त्री छाती फुगवून ओरडले, "अगं, बघतेस का! अगं, बघ!"

गाडी थांबली तेव्हा आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवत होते. तलावापाशी मोठा पडदा होता आणि गाडीतल्या माणसांचे चेहरे त्यावर आवाजासकट दिसत, हे मिस्त्रींना तेव्हा कळलं. पडद्यावर आकडा आला होता. ताशी एकसष्ट किलोमीटर. या सफरीत एवढा वेग कोणाचाच झाला नव्हता.

"आजोबा, पहिल्या नंबरवर तुम्ही," बाई म्हणाल्या. "नाव काय लिहू?"

"लिफ्ट मिस्त्री," मिस्त्री म्हणाले.

तेवढ्यात मुलगी आली. एक बूट पायात, एक हातात.

"मी तुम्हाला जागा धरायला सांगितलं होतं!"

"धरलीच होती. जागाच निघाली."

"सकाळची गोळी घेतली होती?"

"घेतली होती."

"मग हसताय काय असे?" ती ओरडली, आणि हातातला बूट तसाच धरून रडायला लागली. त्यांनी तिच्या हातातून बूट घेतला.

"तुम्ही 'अगं' म्हणालात," ती म्हणाली. "मी खाली पडद्यापाशी होते. आईला मारायचात तशी 'अगं' हाक चौदा महिन्यांत ऐकली नव्हती बाबा."

"सवय आहे," मिस्त्री म्हणाले. "तोंडातून गेलं."

"आई असती तर बसली असती?"

"ती? ती पुढे बसली असती. मी पर्स धरून खाली."

मुलगी रडता रडता हसली. मिस्त्रींनी एक मोठा श्वास घेतला. असा मोका परत येणार नव्हता.

"मी घर भाड्याने देणार नाही," ते म्हणाले. "मी तिथेच राहणार. रविवारी तुझ्याकडे जेवायला येईन. चहात साखर घालेन. दोन चमचे."

"एकटे? आणि पडलात तर?"

"आत्ता पडलो का?"

मुलीने मदतीसाठी नवऱ्याकडे पाहिलं. तो बाकावर बसला होता. केस उभे, शर्टाची दोन बटणं गायब. आता हा घरात एकट्या माणसाला होणाऱ्या अपघातांची यादी काढणार, याची दोघांनाही खात्री होती.

"राहू दे त्यांना," जावई म्हणाला. "पंधरा वर्षं मी धोके बघतोय. या माणसाला धोका नाही. या माणसापासून आहे." मग तो गाड्यांकडे बघत म्हणाला, "बाबा, उद्या सकाळचा नंबर मिळतो का बघू? मी पुढे बसतो."

सकाळी बंदर दिसू लागलं. मिस्त्री आणि जावई रांगेत उभे होते. जावई नट तपासत होता. मुलगी कठड्यापाशी होती, आणि तिचा फोन वाजला.

"हो, बोला," ती म्हणाली. "नाही, भाड्याने द्यायचं नाही. नाही म्हणजे नाही हो, त्या घरात माणूस राहतो. माझे वडील. हो, एकटेच राहणार." पलीकडून दलाल बराच वेळ काळजीने बोलत राहिला. तिने ऐकून घेतलं. मग तिने वर रुळांकडे पाहिलं.

"वय?" ती म्हणाली. "अहो, वय काय विचारताय? वेग विचारा."