दोनदा सावधान

बायकोच्या, रजनीच्या मंगलाष्टकांत आपलाही आवाज असावा, एवढंच माझ्या मनात आलं. (माझ्या मनात काही आलं की घरचे धास्तावतात.)

टेंभुर्णीला तिच्या भावाच्या, रामरावांच्या मुलीचं लग्न होतं. मंगलाष्टकं नवरीच्या आत्याने, म्हणजे रजनीनेच रचलेली, आणि माहेरी तिच्या आवाजाचं मोठं नाव. पण भाची अंतरपाटामागे दिसली की आपला गळा दाटणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून जालन्यात घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून सीडी न्यायची ठरली.

"नीट वाजू द्या बरं, माहेरात माझं नाव जाईल," ती म्हणाली. तिने अष्टकं म्हटली मात्र झकास. ती भाजीला गेल्यावर मी हेडफोन लावला आणि तिचा आवाज ऐकत ऐकत त्यावर माझा चढवला. नंतर ऐकूनही पाहिला. (फक्त माझाच. मला फार आवडला.)

मांडवात सीडी लागली. रजनीचं 'सावधान' झालं, लोकांनी ज्वारीच्या अक्षता टाकल्या. पाठोपाठ माझं 'सावधान' आलं. लोकांनी पुन्हा टाकल्या. तिसऱ्या कडव्याला अक्षता संपल्या आणि माणसं पायाखालच्या वेचू लागली. शेवटी अंतरपाट धरणाऱ्या एकाने तिचं ऐकून टोक सोडलं, दुसरा माझी वाट बघत राहिला. नवरदेवाला अर्धीच नवरी दिसली. बँड वाजला, थांबला, परत वाजला.

"दाजी, लगीन नेमकं कोन्त्या सावधानला लागलं?" रामरावांनी घाम पुसत विचारलं.

रजनीच्या चुलतीने, गोजरबाईंनी तिचा हात धरला. "पोरी, तू लई गोड म्हनलीस. पर तुझ्या मागं कोन ठेचकाळून राह्यलं व्हतं?"

रजनीचे डोळे भरले. मला खरंच वाईट वाटलं. मी जिलेबीकडे बघत बसलो.

घरी आल्यावर शोध लागला. कॉम्प्युटर तिचा आवाज माझ्या कानात उशिरा सोडत होता आणि माझा आत घ्यायलाही उशीर करत होता. दोन्ही उशीर माझ्याच माथी! उपाय सोपा होता. माझा आवाज माउसने धरून थोडा अलीकडे ओढला, तो तिच्या आवाजाशी तंतोतंत जुळला. मी विजयाने रजनीला बोलावलं.

"दोष यंत्राचा होता, माझा न्हाई!"

तिने शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं.

"जुळलं की बराबर. पण आता तुमचा सूर नीट ऐकू येऊन राह्यला. सरकवा पुन्हा मागं."

"कितीसा?"

"शेवटची पंगत उठेपर्यंत."