आढीतला दिवा

पुण्याच्या कॉलेजात संशोधन करणारा जयसिंग मे महिन्यात रिह्याला घरी आला तो बरण्या घेऊनच. त्याला एका क्षाराचा अंगठ्याएवढा नितळ खडा वाढवायचा होता. अशा खड्यावर ठोका मारला की वीज निघते, असं त्याने घरात सांगितलं आणि स्वतःचं हसं करून घेतलं. धरण मुळशीचं, वीज मुंबईला आणि रिह्यात कंदील. तिथे खड्यातली वीज कोण खरी मानणार?

"महिनाअखेरच्या रविवारी कॉलेजातले सर खडा बघायला येणार हायेत," तो म्हणाला.

"खडा दिसला तर शीक म्होरं," वडील हैबतरावांनी निकाल दिला. "न्हाईतर औंदा भाताच्या आवणीला चिखलात उतरायचं."

खड्याचे नखरे मात्र नवरदेवाच्या वरताण. क्षार विरघळवलेलं गरम पाणी सावकाश निवायला हवं आणि बरणीला धक्का लागता कामा नये. घरात तर आंब्यासाठी आलेले पाहुणे आणि त्यांची पोरं. कुणी बरणी उजेडात धरी, कुणी हलवून बघे. दर खेपेला तळाशी नुसता बारीक खड्यांचा साबुदाणा. शेवटची बरणी भरून जयसिंगने आत दोऱ्याला बारीक खडा टांगला, तोंडाला मेण लावलं आणि आईला, रंभाबाईंना बजावलं, "आये, हिला कुणाचा हात लागता कामा न्हाई."

त्याच संध्याकाळी रंभाबाई लेकीच्या बाळंतपणाला कोळवणला गेल्या. सकाळी बघतो तर बरणी गायब. सारं घर धुंडाळलं. एक मधल्या घरातली आंब्याची आढी तेवढी राहिली, कारण रंभाबाईंशिवाय तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. त्या परत येईपर्यंत पाहुणेसुद्धा फणसावर भागवत होते.

संशय गेला शेजारच्या कुशाबावर. हा क्षार पोटात गेला की पोट साफ होतं, हे जयसिंगनेच त्याला एकदा सांगितलं होतं. आणि कुशाबा सकाळपासून तांब्या घेऊन ओढ्याकडे पळत होता. याहून ढळढळीत पुरावा कुठला?

"आईच्यान सांगतो, फणस खाल्लाय," कुशाबा रडकुंडीला आला.

"किती गरे?"

"गरे न्हाई. फणस."

रविवारी सर आले आणि त्याच एस.टी.ने रंभाबाईही परतल्या. जयसिंगने मान खाली घालून चोरीची हकिगत सांगितली. हैबतराव औताकडे बघू लागले.

"बरणी व्हय? आढीत हाय की," रंभाबाई म्हणाल्या. "हात लागू नये म्हनलास ना? ह्या घरात दुसरी जागा कुटं हाय?"

त्यांनी पेंढा उकरला. पिकत्या आंब्यांच्या उबेत आठवडाभर हळूहळू निवलेल्या बरणीत दोऱ्याला चांगला मुठीएवढा खडा लटकत होता, आरपार दिसावं इतका स्वच्छ. सरांनी दारं लावायला सांगितली, खड्याला दोन्ही बाजूंनी चांदीचा कागद चिकटवला, तारांनी इवलासा दिवा जोडला आणि लाकडी हातोडीने हलका ठोका मारला. दिवा लख्खकन चमकला. रिह्यातला पहिला विजेचा दिवा.

"म्हंजी म्या खाल्ला न्हवता," कुशाबा म्हणाला.

"शीक म्होरं," अंधारातून हैबतरावांचा आवाज आला. जयसिंगला आनंदाने रडूच कोसळलं.

"बाई, पुढची बरणी ठेवाल ना आढीत?" सरांनी विचारलं.

"ठिवते. पर मी सांगंपत्तोर कुणी हात घालायचा न्हाई."

"नाही घालणार," सरांनी कबूल केलं.

पण रंभाबाई सरांशी बोलतच नव्हत्या. हैबतरावांनी हातातला आंबा मुकाट्याने पुन्हा पेंढ्यात ठेवला.