रेंज गेली की ओरडा

मनीषने ही जागा मुद्दाम शोधली होती. बावधनहून दीड तासावर, मुळशी धरणाच्या पलीकडचा माळ, आणि मुख्य म्हणजे मोबाइलला रेंज नाही. बायकोला, साधनाला, त्याने सांगितलं होतं, "हिंजवडीत दिवसभर मीटिंग आहे, फोन लागणार नाही." दुसरं काय सांगणार? त्याचं आधीचं रिमोटचं विमान सासूबाईंनी गच्चीत वाळत घातलेल्या कुरडयांवर उतरलं, त्या दिवशीच साधनाने बजावलं होतं, "यापुढे विमान दिसलं, तर विमान आणि तू, दोघंही घराबाहेर!" तेव्हापासून हे नवं विमान बिचारं चार महिने गाडीच्या डिकीत, जुन्या चादरीखाली वाढलं होतं.

उडवण्याआधी रिमोटचा सिग्नल नीट पोचतो का, ते तपासायलाच हवं. रिमोटची ताकद कमी करायची, तीस पावलं लांब जायचं आणि दांडी हलवायची. विमानाची शेपटी हलली, की जमलं. पण विमान धरायला माणूस नको का? माळावर माणूस म्हणाल तर एकटे कोंडिबा धनगर, आणि त्यांची साठ मेंढरं.

"मामा, एवढं विमान धरता का? मी लांब जातो. रेंज गेली की ओरडा."

"एवढंच व्हय? धरतु की."

मनीष पाठमोरा पावलं मोजत निघाला. पाचव्या पावलालाच हाक आली, "गेलीऽऽ!"

पाचव्याला? मनीष परत फिरला. त्याने रिमोटचे सेल बदलले, एरियल सरळ केली, पुन्हा निघाला. या खेपेला तिसऱ्याच पावलाला, "अजून न्हाई आली!"

मनीष खाली बसून रिमोटचं झाकण उचकटू लागला. कोंडिबांना त्याची दया आली. इतका वेळ ज्यात डोळे घातले होते तो आपला मोबाइल त्यांनी बंडीच्या खिशात टाकला, विमान काखेत मारलं आणि टेकाड चढायला लागले.

"अहो मामा! कुठे निघालात?"

"हितं रेंज टिकतच न्हाई! त्या वरल्या धोंड्यावर चला, तितं लई येती!"

"मोबाइलची नाही हो, विमानाची!" मनीष ओरडला. पण वारा उलटा, आणि कोंडिबांची चाल धनगराची. पळता पळता वैतागून त्याने दांडी हलवली, आणि काय सांगावं! दोनशे पावलांवर, कोंडिबांच्या काखेत, शेपटी इमानेइतबारे डावी-उजवी हलली. तीसच्या जागी दोनशे! मनीष उड्या मारत धोंड्यावर पोचला आणि त्याने कोंडिबांना कडकडून मिठी मारली.

तेवढ्यात मनीषच्या खिशातला फोन वाजला. साधनाचा व्हिडिओ कॉल! कापायला गेला आणि घामेजल्या अंगठ्याने नेमका उचलला.

"मीटिंग संपली?"

"छे, चालूच आहे. सगळे बसलेत."

मागून साठ मेंढरं एकदम ओरडली.

"हे सगळे का?" साधनाने विचारलं.

मनीष तोंड उघडणार, तोच कोंडिबांनी विमानासकट स्वतःला फोनपुढे घुसवलं. "वैनी, घोर लावून घेऊ नगा. रेंज झ्याक हाय. शेपूट बी हालतंय."

"कुणाचं?"

"सायबांचंच की!"

"ते घरीही हलतं," साधना म्हणाली. "मनीष, फोन ठेवायचा नाही. पहिल्यापासून सगळं सांग."

मनीषने फोनवरच्या रेंजच्या काड्या केविलवाण्या नजरेने मोजल्या. चारच्या चार उभ्या. "मामा," तो पुटपुटला, "इथली रेंज जाते कधी?"

"जाती कशी?" कोंडिबा छाती फुगवून म्हणाले, "हितं भर पावसाळ्यात बी जात न्हाई!"