पाच तारे आणि एक दार

घर बांधण्यासाठी बिल्डर निवडताना भावनेला थारा द्यायचा नाही, असा निर्णय पद्मनाभने घेतला आणि तो बायकोला ईमेलने कळवला. वीणा तेव्हा शेजारच्याच खोलीत होती. पण तोंडी निर्णयाचा पुरावा राहत नाही, हे पद्मनाभला नोकरीने शिकवलं होतं. पुण्याहून बंगळूरला येऊन त्याला अकरा वर्षं झाली होती आणि ही अकराही वर्षं त्याने एका सॉफ्टवेअर कंपनीत, इतरांनी केलेली कामं नियमाप्रमाणे झाली की नाही हे तपासण्यात घालवली होती. कामं चांगली झाली की नाही, हे तपासणारं खातं वेगळं होतं.

घर हवं होतं ते त्याच्या आईसाठी. कृष्णाबाई साताऱ्याला एकट्या राहत. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, आणि मुलाचा भाड्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. तिथल्या लिफ्टला ‘दुरुस्ती चालू आहे’ अशी पाटी होती आणि ती पाटीही आता दुरुस्तीला आली होती. म्हणून बंगळूरच्याच येलहंक्यात तीस बाय चाळीसचा प्लॉट घेतला, तेव्हा पद्मनाभने आईला शब्द दिला : तळमजल्यावर तुझी खोली, खोलीला लागून न्हाणीघर, वाटेत एकही पायरी नाही.

"आणि न्हाणीघराला आतून कडी?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"कडीसुद्धा."

बंगळूरला न्यायच्या म्हणून त्यांनी त्याच दिवशी लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधायला घेतले.

पद्मनाभने बिल्डर-निवडीसाठी बेचाळीस रकान्यांचा तक्ता तयार केला. गवंडी वेळेवर येईल का, सुतार मधूनच पळेल का, नळवाला फोन उचलेल का, हे आधी कळायला काही मार्ग नाही. तेव्हा निम्मे गुण एकाच रकान्याला ठेवले : ‘जुन्या ग्राहकांचं समाधान’. प्रत्येक बिल्डरने तीन ग्राहकांची नावं द्यायची. पद्मनाभ स्वतः त्यांच्या घरी जाणार, पाचपैकी तारे विचारणार आणि लिहून घेणार. तपासनिसाने स्वतःचं मत नोंदवू नये, पुरावा नोंदवावा, हा त्याचा ऑफिसातला दंडक घरालाही लागू झाला.

पहिले आले हंबीरराव मेस्त्री. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. ग्राहकांची नावं त्यांनी तोंडी सांगितली, पण अर्ज भरायला नकार दिला.

"ह्येच्यात लिहिण्यासारखं काय नाही, अण्णा," ते म्हणाले. "मी एका टायमाला एकच घर करतो. गवंडी माझा भाऊ, सुतार माझा मेव्हणा. घर पुरं होईस्तोवर दुसरीकडं कुणी जात नाही. चावी दिली की मीबी येत नाही."

"पण तुमची कार्यपद्धती काय?"

"ह्येच सांगितलं की आत्ता. सरी, ठीक हाय, येऊ मी?"

त्यांच्या ग्राहक सोयराबाई बंगळूरच्याच शिवाजीनगरला राहत. घर असं, की दार एका बोटाने लागत होतं, खिडकीचा गज न् गज सरळ, आणि भिंतीला ओल शोधूनही सापडेना. सोयराबाई मात्र तक्रारींची पोतडी सोडूनच बसल्या.

"लई तऱ्हेवाईक माणूस. मी देवघर इकडं म्हणाले, तर तिथनं पाण्याची पाईप जाती म्हणून माझ्याशी हुज्जत घातली. चहात साखर स्वल्प कमी पडली तर कप परत पाठवला. दोन तारे लिहा. दोन बी जास्तीच."

"बाकी दोन घरांतही हेच ऐकलं," पद्मनाभ गाडीत बसताना म्हणाला. "हंबीरराव बाद."

"घर पाहिलंस ना?" वीणाने विचारलं.

"घराला रकाना नाही."

मग आले ‘शंभर टक्के होम्स’चे मालक सुधींद्र. मूळचे बेळगावकडचे, त्यामुळे मराठी अस्खलित आणि नमस्कार कमरेतून. त्यांच्यापाशी रंगीत पुस्तिका होती, मोबाइलवर कारागिरांची रोजची हजेरी होती, आणि तीन नव्हे तर चौदा ग्राहकांची नावं होती.

यशवंतपूरला राहणाऱ्या संयोगिताबाई फाटकातच उभ्या होत्या. पद्मनाभने तोंड उघडण्याआधीच त्या म्हणाल्या, "पाचपैकी पाच." आवाज जरा मोठाच होता, आणि बोलताना त्या पुन्हा पुन्हा पद्मनाभच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होत्या. सुधींद्रसाहेब म्हणजे देवमाणूस, त्यांचे कारागीर म्हणजे घरचीच माणसं, असं सांगून त्या चहा आणायला वर गेल्या. जिन्याला कठडा नव्हता. वरून एक नायलॉनची दोरी सोडली होती, तिला धरून त्या गेल्या, आणि चहाचा थर्मास कमरेला बांधून तशाच उतरल्या.

"ती बाई दोरीने चढली," वीणा बाहेर आल्यावर म्हणाली.

"तो तिचा वैयक्तिक निर्णय आहे," पद्मनाभ म्हणाला आणि त्याने पाच तारे नोंदवले.

दुसऱ्या घरात मोरी होती पण नळ नव्हता. तिथले सयाजीराव अंगणात भांडी घासता घासता पाच तारे म्हणाले. चौदाच्या चौदा घरांत एकमत. इतका निर्दोष पुरावा पद्मनाभने नोकरीत कधी पाहिला नव्हता. करार त्याने स्वतः लिहिला. त्यातल्या सतराव्या कलमाचा त्याला विशेष अभिमान होता : बाहेरच्या कोणत्याही कारागिराने घरात एक खिळाही ठोकला, तर संपूर्ण घराची हमी रद्द.

घर भराभर उभं राहिलं. पाया, भिंती, स्लॅब, रंग. मोबाइलवर ‘काम सत्त्याण्णव टक्के पूर्ण’ असा आकडा आला आणि तिथेच बसला. उरलं होतं एकच काम. कृष्णाबाईंच्या न्हाणीघराचं दार.

दार सुताराने बसवायचं होतं. सुतार बेजबाबदार होता असं कुणी म्हणू शकणार नाही. रोज सकाळी ठीक नऊला त्याचा मेसेज येई : ‘नाळे बरतेनी’, म्हणजे उद्या येतो. एकशे त्रेचाळीस दिवसांत त्याने एकदाही खाडा केला नाही. मोबाइलवरच्या हजेरीत त्याची नियमितता शंभर टक्के लागली होती, आणि पद्मनाभने ती तपासून बरोबर असल्याची खूणही केली होती, कारण ती बरोबर होती.

भाड्याचा करार संपला म्हणून पद्मनाभ आणि वीणा राहायला आली. न्हाणीघराच्या चौकटीला वीणाने जुन्या साडीचा पडदा लावला.

"दार बसलं का रे?" रविवारी कृष्णाबाईंनी फोनवर विचारलं.

"सध्या पडदा आहे, आई. चांगला जाड आहे."

"पडद्याआड आंघोळ करायला मी काय यात्रेला येतेय का?" कृष्णाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, हळू आवाजात, "घाई नाही हो. तुझ्या सवडीने कर."

त्या हळू आवाजाने पद्मनाभ कासावीस झाला. त्याने हंबीररावांना फोन लावला. मेव्हण्याला पाठवतो, दोन तासांचं काम, असं ते म्हणाले. पण सतरावं कलम आठवून पद्मनाभनेच त्यांना नको म्हटलं. मग त्याने चौदा पानांची तक्रार लिहिली, खाली एक तारा दिला, आणि ती पाठवणार एवढ्यात सुधींद्रांचा फोन आला.

"सर, उद्या सुतार नक्की. मी स्वतः गाडीत घालून आणतो. एक छोटी मदत पाहिजे होती. उद्या दहाला एक जोडपं तुमचं घर बघायला येणार आहे. तुम्ही शिकलेली माणसं, तुमच्या शब्दाला वजन आहे. स्वल्प चांगलं बोला."

"आणि नाही बोललो तर?"

"तसं कशाला होईल, सर," सुधींद्र फार प्रेमाने म्हणाले. "सुतार एकच आहे. जिथं त्याला मान, तिथं तो जातो."

पद्मनाभने चौदा पानं पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी वेदांत आणि कस्तुरी आली. नुकतीच नागपूरहून आलेली, दोघंही आयटीत. वेदांतच्या हातातल्या टॅबवर छप्पन्न रकान्यांचा तक्ता होता. पद्मनाभ फाटकातच उभा राहिला. त्याला वेदांतच्या खांद्यावरून रस्ता दिसत होता, आणि सुताराची गाडी दिसते का ते तो बघत होता. असं बघणारी एक बाई त्याने पूर्वी पाहिली होती. ती कुणाची वाट बघत होती ते त्याला आत्ता कळलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"सर, फीडबॅक?" वेदांतने विचारलं.

"पाचपैकी पाच," पद्मनाभ म्हणाला. आवाज जरा मोठाच लागला.

कस्तुरीने आतून विचारलं, "इथे पडदा कसा काय?"

वीणाने नवऱ्याकडे पाहिलं. पद्मनाभने घसा साफ केला.

"तो आमचा वैयक्तिक निर्णय आहे."

वेदांतने पाच तारे नोंदवले. पडद्याला त्याच्याही तक्त्यात रकाना नव्हता. त्या दिवशी सुतार आला नाही. दुसऱ्या दिवशी नऊला मेसेज मात्र आला. आता पद्मनाभचं नाव सुधींद्रांच्या यादीत पंधरावं आहे. तो पहिल्याच रिंगला फोन उचलतो, भरभरून बोलतो आणि बोलताना रस्त्याकडे बघतो. साताऱ्याला कृष्णाबाईंनी बरण्यांचे दादरे सोडून त्या पुन्हा फडताळात ठेवल्या आहेत.

तुम्ही त्याला हसताय, हे ठीक आहे. फक्त एक आठवून बघा. परवा मिक्सर दुरुस्त करणारा तुमच्या दारात उभा राहून, मोबाइल पुढे करून, "फाइव्ह स्टार द्या ना, मॅडम," म्हणाला, तेव्हा तुम्ही किती दिलेत? आणि त्याआधी मिक्सर चालू करून बघितला होता का?