तांबडीचे ढेकर

गाईचा मिथेन वायू नेमका कुठल्या टोकाने सुटतो, हे मला ठाऊक नव्हतं. त्यामुळे शिरगावच्या तबेल्यात करंदीकरांनी "गाईजवळ उभे राहा, वायू सुटला की हात वर करा" म्हटल्यावर मी शेपटीपाशी जाऊन उभा राहिलो. मिळायचं ते माझ्या बुटांना मिळालं.

"अहो बँकवाले, तोंडाकडे या!" करंदीकर स्टुलावरून ओरडले. "ढेकर, महाराज, ढेकर! मागे काय आहे?"

मागे काय आहे, ते मी बूट उचलून दाखवलं.

करंदीकर आमचे बदलापूरचे शेजारी. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात त्यांनी आयुष्यभर वास येणाऱ्या गोष्टी तपासल्या. रिटायर झाल्यावर माणूस निदान अगरबत्तीकडे वळेल. हे गाईंकडे वळले. नव्वद सालाच्या सुमारास कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, की गुरांच्या ढेकरांनी पृथ्वी तापते. बाकीच्यांनी पान उलटलं. यांनी स्टॉपवॉच घेतलं.

ढेकर काही पकडता येत नाही. पण गाय किती खाते, किती वेळ बसते, किती वेळ रवंथ करते, हे मोजता येतं, आणि त्यावरून वायूचा अंदाज बांधायचा, ही त्यांची पद्धत. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाराही गाईंजवळ पाळीपाळीने बसायचं. एखादीचा जबडा थांबला, की भलत्या वेळी चहाला उठलेल्या कारकुनाकडे साहेबाने बघावं, तसे ते तिच्याकडे बघत. "नोंद घ्या" हे त्यांचं पालुपद. घेणार कोण? घरात दुसरं माणूस नव्हतं. मग सोसायटीच्या सभेत पाण्याची चर्चा चालू असताना हे उठायचे, "तांबडीने काल चाळीस मिनिटं जास्त रवंथ केलं. नोंद घ्या." सेक्रेटरी पाणी प्यायला उठत. पाणी नसेच.

घरची कामं चुकवायला मी रविवारी त्यांच्याबरोबर जात असे. अशाच एका रविवारी पोचतो तर तबेल्याचे मालक बाळारामशेठ तांबडीचा दोर वांगणीच्या एका दलालाच्या हातात देत होते.

"हिला कुठे?" करंदीकरांनी विचारलं.

"विकली. तुमीच बोल्लेत ना काका, सगल्यात जास्त गॅस हीच करते? आनि दूध सगल्यात कमी, तेपन पातल. शिकलेला मानूस मोजून सांगतो, मग मी कशाला पोसू?"

म्हातारी गाय दलाल कुठे नेतो, हे विचारायची गरज नव्हती. करंदीकरांनी हातातली वही मिटली. कारखान्यात एक आकडा बदलायला नकार दिला म्हणून यांचं प्रमोशन हुकलं होतं. ती हकीकत त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवली होती, की हातात असतं तर आम्हीच ते देऊन टाकलं असतं.

"बाळाराम," ते म्हणाले, "माझी मोजणी चुकली."

"तीन वर्सं?"

"तीनही वर्षं. मी शेजारी बसलो की ही निवांत होते. निवांत गाय रवंथ जास्त करते. म्हणजे तो जादा वायू माझ्यामुळे, तिचा नव्हे. वह्या सगळ्या बाद. पहिल्यापासून मोजावं लागेल. सहा महिने द्या."

"आनि सहा महिने हिचा चारा?"

"मी घालीन."

बाळारामशेठनी डोकं खाजवलं आणि दोर परत घेतला. दलाल पुटपुटत निघून गेला.

परतताना मला राहवलं नाही. "पण करंदीकर, बसता तर तुम्ही बाराही गाईंजवळ. मग बाकीच्या अकरांचे आकडे कसे नाही वाढले?"

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला. "एवढं लक्ष तुम्ही आजवर कधी दिलं नव्हतंत," म्हणाले, आणि माझ्या पुढे चालू लागले.

घरी हे मी हसत हसत सांगितलं. म्हटलं, तीन वर्षं ढेकर मोजले आणि एका सकाळी सगळं पाण्यात! बायको कणीक मळत होती. ती हसली नाही.

"उद्यापासून आपलं दूध त्या तांबडीचं आणा," ती म्हणाली. "आणि पातळ आहे म्हणून तोंड वाकडं करायचं नाही."