पवनानगरचा हाताने लिहिलेला रस्ता

यंत्राने स्वतःहून दाखवलेल्या रस्त्यावर माणसाने कधीही विश्वास ठेवू नये, हे आमच्या शौकत तांबोळींचं जीवनविषयक मूलभूत तत्त्व आहे. गाडी चालवताना मात्र ते मोबाईलमधली बाई सांगेल तिकडे वळतात. तिच्या शब्दाखातर एकदा ते कान्हे गावातल्या लग्नाऐवजी एका वीटभट्टीवर आहेर घेऊन पोहोचले होते. तत्त्व फक्त ऑफिसपुरतं आहे.

आमची कंपनी गुलाब विकते. गुलाब पवनानगरच्या पॉलिहाऊसमध्ये वाढतात, कान्ह्याला पेट्यांत भरले जातात आणि लोणावळ्याच्या ऑफिसात मी त्यांची बिलं करतो. तिन्ही ठिकाणचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ते फायरवॉल नावाच्या यंत्रातून. हा दारावरचा वॉचमन. कोणता निरोप कोणत्या वाटेने पाठवायचा, हे त्याला कळावं लागतं. एक तर माणूस रस्ता हाताने लिहून देतो, नाहीतर तिन्ही फायरवॉल आपापसांत रस्ते जाहीर करतात. तांबोळी हे खातं एकहाती सांभाळतात, आणि हाताने लिहितात.

"जाहीर करणं म्हणजे जाहिरातच ना, लेले?" ते मला म्हणत. "उद्या कान्ह्याचा फायरवॉल सांगेल, सगळं जग माझ्याकडूनच जातं. ऐकायचं? लोणावळ्यात राहता आणि जाहिरातीवर विश्वास ठेवता? इथलं प्रत्येक चिक्कीचं दुकान मूळ आणि सर्वांत जुनं आहे."

पवनानगरला इंटरनेटच्या दोन लाइनी आहेत. तिथे धरणाकाठी पर्यटकांसाठी तंबू लावणारे सतत कुठे ना कुठे खणत असतात, त्यामुळे मोठी लाइन सारखी तुटते. तुटली की धाकट्या लाइनीवरून नवा रस्ता लिहायचा, तोही दोन्ही टोकांना. नाहीतर निरोप जातो, उत्तर येत नाही. पलीकडच्या टोकाला पॉलिहाऊसच्या ऑफिसात निर्मला ओव्हाळ असत. तांबोळींनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. फोन लावण्यापूर्वी मात्र ते खिशातला कंगवा काढून भांग पाडत. रस्ता म्हणजे टिंबं टाकून लिहिलेले आकडे; ते टाइप करायला हात मोकळे हवेत म्हणून फोन स्पीकरवर असे.

"लिहा. दहा."

"लिवलं."

"टिंब. चाळीस."

"चाळीस. पाऊस हाय का तिकडं, सायेब?"

"धुकं आहे. टिंब. तुमच्याकडे?"

"हितं ऊन पडलंय की. धरण लय भारी दिसतंय खिडकीतनं."

"असं? थांबा, घाई नाही. कसं दिसतंय?"

यंदा पुण्याहून नवे आयटी प्रमुख आले. त्यांनी 'डिजिटल परिवर्तन पर्वा'चा शुभारंभ सर्व्हरच्या खोलीत नारळ फोडून केला. पर्वातला पहिला बिघाड नारळाच्या पाण्याने झाला. मग हुकूम निघाला: यापुढे रस्ते हाताने लिहायचे नाहीत. फायरवॉल आपापसांत जाहीर करतील आणि एक लाइन तुटली की आपणच दुसरी धरतील.

तांबोळींनी वाद घातला नाही. चहाच्या टपरीवर फक्त म्हणाले, "लेले, मग केबल तुटल्यावर पवनानगरला फोन कशाला करायचा?"

"करायची गरजच नाही!" मी उत्साहाने म्हणालो.

"तेच विचारतोय."

माझ्या डोक्यात उशिरा उजेड पडला. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी सोलापूरला दिलेली. ऑफिसातून निघाल्यावर त्यांच्याशी बोलणारी ती मोबाईलमधली बाई तेवढी.

"अहो, मग नुसता करा की फोन."

"नुसता? आणि बोलू काय?"

शेवटचा फोन छोटा झाला. पलीकडे एका चौकटीत टिक करायची होती.

"झालं?"

"झालं की."

"मग आता तुम्हाला त्रास नाही."

पलीकडून नुसतं "व्हय" आलं, आणि फोन ठेवला गेला.

नवी व्यवस्था उत्तम चालली, हे खेदाने नमूद करतो. लाइन तुटे, रस्ता परस्पर बदले, कुणाला पत्ताही लागत नसे. तांबोळींना लागे. ते स्क्रीनकडे बघत बसत. "सकाळी तुटली होती," मला सांगत. "जोडलीसुद्धा." मग खिडकीशी उभे राहून पवनानगरच्या दिशेने पाहत. त्या खिडकीतून धुक्यात समोरच्या हॉटेलचं पार्किंगही दिसत नाही.

एका सोमवारी पवनानगर स्क्रीनवरून नाहीसं झालं. दोन्ही लाइनी ठणठणीत, रस्ता एकही नाही. तांबोळी फोन उचलणार, तोच तो वाजला.

"सायेब, तुमचं नवं न्हाई चालत हितं."

"कशाला हात लावला होता का?"

"व्हय."

"कशाला?"

"ती आपोआपची टिक हाय ना, ती काढली." मग त्या म्हणाल्या, "सांगा आता. लिवून घेते."

टिक परत करा, एवढं सांगितलं असतं तर काम तिथेच संपलं असतं. तांबोळींनी खुर्ची पुढे ओढली.

"लिहा," ते म्हणाले. "सावकाश लिहा. दहा."

दुपार टळली. पवनानगरचे आकडे न आल्याने माझी बिलं निघाली नाहीत, म्हणून कान्ह्याहून गाडी सुटली नाही, आणि त्या दिवशीचे गुलाब पेट्यांतच उमलले. उमललेले गुलाब गिऱ्हाईक घेत नाही.