काळूरामचा तक्ता

गावात वीज येऊन सहा महिने झाले होते. अशात वीज कंपनीच्या मॅनेजरनं काळूरामला एक काम दिलं आणि त्याची झोप उडाली. कोणत्या घरात संध्याकाळी किती वाजता किती दिवे जळतात, त्याचा तक्ता करायचा. त्यावरून वीज करणारं दुसरं इंजीन कधी चालू करायचं ते ठरणार होतं. तक्ता बरोबर निघाला तर नोकरी कायम. चुकला तर रेवदंड्याच्या खाडीवरचं मिठागर होतंच, आणि तिथून तर तो पळून आला होता.

काळूराम सगळंच जिवाला लावून घेणारा. वीसच्या वीस घरांत तो एकेक संध्याकाळ ओट्यावर बसला, दर अर्ध्या तासानं मीटर पाहिला, पुढं आलेला चहा प्यायला आणि कागदावर रेघ ओढली. वीसही रेघा सारख्या निघाल्या. सात ते दहा, सगळे दिवे चालू. इतका एकोपा ह्या गावात दुसऱ्या कशातच नव्हता, हे खरं तर लक्षात यायला हवं होतं. पण बिचारा रेघा सरळ आल्याच्या आनंदात होता.

सोमवारी सातच्या ठोक्याला दुसरं इंजीन सुरू झालं. साडेसात झाले तरी इंजीनघरातला विजेचा खप दाखवणारा काटा जेमतेम हलला होता.

"काळूराम, तुमचं गाव कुठं गेलं?" मॅनेजरनं शांतपणे विचारलं. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "आठपर्यंत वाट बघतो. मग तुमचं काय ते ठरवू."

काळूराम धावतच सुटला. पहिलं घर सोनूबाईचं. ओट्यावर अंधार, आत फक्त चुलीचा उजेड.

"काकी, दिवे का मालवलेत?"

"लावलेच न्हाय, तर मालवणार कसे?" त्याला बघताच सोनूबाईनं पटापट बटणं दाबून घर लख्ख केलं. "चुलीपुढं कशाला लागतो विजेचा दिवा?"

"मग मी आलो होतो त्या दिवशी?"

"तवा तू बसला व्हतास. मानूस दाराशी आल्यावर घरात काळोख ठेवायचा व्हय? बस, च्या टाकते."

"परत येतो, काकी," म्हणत तो पुढच्या घरी पळाला.

बुधाजीकडं तेच, ठमाबाईकडं तेच. त्याला पाहिलं की घर उजळायचं, आणि तो परत यायचाय म्हणून दिवे कुणी मालवेना. वीस घरं पालथी घालताना काळूरामला एवढंच कळत होतं, की आपण गावाचा तक्ता केलाच नाही. आपल्या येण्याजाण्याचा केला. आता मिठागर चुकत नाही.

आठ वाजता तो तोंड पाडून इंजीनघरात शिरला.

"साहेब, चुकलं माझं."

"अर्ध्या तासाची चूक," काट्यावरची नजर न काढता मॅनेजर म्हणाला. दोन्ही इंजिनं धापा टाकत होती. "बाकी तक्ता तंतोतंत. उद्यापासून तुम्ही कायम."



दुसऱ्या दिवशी साडेसहालाच वहाणा पायात सरकवून काळूराम निघाला आणि वीस घरी 'परत येतो' म्हणून आला. तिसऱ्या दिवशीही. रविवारी तरी घरी बसता येईल का, हे त्याला विचारायचं होतं. पण विचारणार कुणाला?